फडकं उचलण्याआधी मोजा: न्यूक्लिअर मेडिसिनमधलं कंटॅमिनेशन

तुम्ही विचारलेलं थोडक्यात असं. न्यूक्लिअर मेडिसिनचा, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी तपासण्या आणि उपचार करणारा तुमचा विभाग नवा आहे. रोज संध्याकाळी सर्वे मीटर (किरणं मोजणारं हातातलं यंत्र) घेऊन फिरता तेव्हा सगळीकडे बॅकग्राउंडच, म्हणजे नेहमीची पातळीच दिसते, पण आठवड्याच्या वाइप टेस्टमध्ये (जागा कागदाने पुसून तो कागद मोजायचा) हॉट लॅबच्या, म्हणजे डोस तयार करायच्या खोलीच्या, दाराच्या कडीवर आणि संगणकाच्या कीबोर्डवर काउंट, म्हणजे किरणांच्या नोंदी येतात. मग खरं कोणतं धरायचं? दुसरं, आयोडीन थेरपीच्या वॉर्डात औषध घेतल्यावर रुग्णाला उलटी झाली, मावशींनी नेहमीच्या पद्धतीने हायपोक्लोराइट ओतून मॉपने पुसून घेतलं आणि आता खोलीभर काउंट आहेत. काय करायला हवं होतं, आणि आता काय करायचं? तिसरं, पुसून पुसूनही जे उरतं त्याचं काय?

पहिल्याचं उत्तर एका वाक्यात: वाइप टेस्ट खरी. पण तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. काय सांडलंय, किती सांडलंय, ते सुटं आहे की चिकटलेलं, हे कळण्याआधी फडकं हातात घेतलं जातं. रुग्णालयात सांडलेलं दिसलं की पुसायचं हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. आपल्या विभागात मात्र थेंब जिथे पडला तिथे तो बहुतेक वेळा आटोक्यात असतो. मॉप, बूट आणि ग्लोव्ह्ज त्याला खोलीभर नेतात.

आता सर्वे मीटरकडे. मायक्रोसिव्हर्टमध्ये आकडा दाखवणारं यंत्र डोस-रेट, म्हणजे शरीराला तासाला किरणांची किती मात्रा मिळते ते मोजण्यासाठी असतं. आयन चेंबरचा मीटर भिंतीपलीकडे किती किरणं जातात, रुग्णापासून मीटरभर अंतरावर काय रेट आहे, हे उत्तम सांगतो. पृष्ठभागावरचा पातळ थर शोधणं हे त्याचं काम नव्हे. हिशेब करून पाहा. समजा, कडीभोवतीच्या १०० चौरस सेंटिमीटर जागेवर दर चौरस सेंटिमीटरला ५ बेक्वेरेल टेक्नेशियम-९९एम आहे. म्हणजे एकूण ५०० बेक्वेरेल (ॲक्टिव्हिटीचं, म्हणजे किरणोत्साराचं एकक: सेकंदाला एक विघटन). दहा सेंटिमीटर अंतरावर त्याचा डोस-रेट येतो तासाला सुमारे ०.००१ मायक्रोसिव्हर्ट. आपलं नैसर्गिक बॅकग्राउंड तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास असतं. शंभरावा हिस्सा कुठल्या काट्यावर दिसणार? तुमचा मीटर बिघडलेला नाही, त्याला भलता प्रश्न विचारला जातोय.

कंटॅमिनेशनसाठी हवा कंटॅमिनेशन मॉनिटर, म्हणजे काउंट दाखवणारा पॅनकेक जीएम (गायगर-म्युलर) प्रोब किंवा सिंटिलेशन प्रोब. तोही सरसकट विश्वासाचा नाही. पॅनकेकची खिडकी साधारण १५ चौरस सेंटिमीटरची असते. वरच्याच उदाहरणात खिडकीखाली ७५ बेक्वेरेल येतात. टेक्नेशियममधून मुख्यतः १४० केईव्ही ऊर्जेचे गॅमा निघतात आणि गॅमासाठी जीएमची कार्यक्षमता एक-दोन टक्क्यांच्या घरात असते. मिनिटाला साठ-सत्तर काउंट वाढतील, म्हणजे बॅकग्राउंडच्या जेमतेम दुप्पट. प्रोब भरभर फिरवला तर हे हातून निसटतं. आयोडीन-१३१ मधून बीटा कणही निघतात, म्हणून तोच प्रोब त्याला कितीतरी जास्त दाद देतो. कार्यक्षमता दहा टक्के धरली तरी तेवढ्याच ॲक्टिव्हिटीला मिनिटाला साडेचारशे काउंट. एकच यंत्र, एकच खोली, पण न्यूक्लाइड, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ बदलला की यंत्राची नजर बदलते. तुमच्या प्रोबची प्रत्येक न्यूक्लाइडसाठीची कार्यक्षमता एका कागदावर लिहून तो प्रोबच्या हँडललाच चिकटवा.

प्रोब कसा फिरवायचा हेही सांगतो, कारण इथे फार ढिलाई चालते. आधी बॅटरी, मग चेक सोर्स (यंत्र तपासायचा ठरलेला छोटा स्रोत), मग बॅकग्राउंड, आणि तिन्ही वहीत. प्रोबवर पातळ पॉलिथिन, म्हणजे प्रोबच दूषित होणार नाही. पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर वर, सेकंदाला चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जोरात नाही, आणि स्पीकर चालू. कान काट्याच्या आधी ओळखतो. टिकटिक दाटली की थांबायचं, प्रोब तिथेच धरायचा आणि मगच आकडा वाचायचा. फार मोठ्या ॲक्टिव्हिटीजवळ जीएम गुदमरतो आणि उलट कमी आकडा दाखवतो. म्हणून मोठं सांडल्याचा संशय असेल तिथे दुरून, डोस-रेट मीटर चालू ठेवूनच पुढे सरका.

सर्वेची वेळही महत्त्वाची. इंजेक्शन दिलेले रुग्ण बाहेर बाकावर बसलेले असताना कॉरिडॉरचा सर्वे घेण्यात अर्थ नाही, बॅकग्राउंड त्यांचंच असतं. शेवटचा रुग्ण गेल्यावर घ्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकलू नका. पेट-सीटी विभागांत ही सवय मी पुष्कळदा पाहिली आहे: संध्याकाळी घाई, म्हणून सकाळी आल्यावर वाइप. तिथल्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, ११० मिनिटं. रात्रीच्या चौदा तासांत ते जवळजवळ दोनशेव्या भागावर येतं. सकाळचा वाइप स्वच्छ येणारच. वहीतली ओळ सुंदर दिसते, आणि ग्लोव्ह्जसकट कडी फिरवणारा हात तसाच राहतो.

वाइपच्या हिशेबात सगळ्यात जास्त गफलत होते ती एका गुणकाची. फिल्टर पेपरने १०० चौरस सेंटिमीटर जागा पुसली, तरी तिथली सगळी सुटी ॲक्टिव्हिटी कागदावर येत नाही. प्रत्यक्ष मोजून ठरवलेलं नसेल तर दहा टक्केच आली असं धरायचं, हा आंतरराष्ट्रीय मानकातला संकेत आहे. आता पाहा. वेल काउंटरवर (नमुना खोबणीत ठेवून मोजणारं यंत्र) एकूण मिनिटाला १,२८० काउंट, बॅकग्राउंड ८०. निव्वळ १,२००, म्हणजे सेकंदाला २०. काउंटरची कार्यक्षमता ४० टक्के असेल तर कागदावर ५० बेक्वेरेल. याला १०० ने भागलं की दर चौरस सेंटिमीटरला ०.५ बेक्वेरेल. बरेच जण इथेच थांबतात आणि ‘मर्यादेत’ असं लिहून मोकळे होतात. दहा टक्क्यांचा गुणक लावला की तोच आकडा ५ होतो. आमच्या विभागात बीटा-गॅमासाठी कारवाईची पातळी दर चौरस सेंटिमीटरला ३.७ बेक्वेरेल आहे, जुन्या मापात एक मायक्रोक्युरीचा दहा हजारावा भाग. एका गुणकाने पास नापास होतो. तुमच्या विभागाची पातळी तुमच्या आरएसओंनी, म्हणजे किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्यांनी मान्य केलेल्या कागदपत्रांत असेल. ती भिंतीवर लावा, आणि तिच्याशेजारी हे उदाहरणही.

आणि वाइप फक्त सुटं कंटॅमिनेशन सांगतो हे विसरू नका. पृष्ठभागात मुरलेलं त्याला दिसत नाही, ते थेट प्रोबनेच कळतं. प्रोबला काउंट आहेत आणि वाइपला नाहीत, तर चिकटलेलं आहे किंवा शेजारच्या खोलीतून किरणं येताहेत. प्रोबला नाहीत आणि वाइपला आहेत, तर पातळ पण सुटं. हे दुसरं, म्हणजे तुमचं, मला जास्त काळजीचं वाटतं. सुटं हातावर येतं, हातावरून तोंडात जातं.

कडीवर नेमकं काय आहे हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. वेल काउंटरला स्पेक्ट्रम (ऊर्जेनुसार काउंटचा आलेख) असेल तर १४० केईव्हीवर शिखर म्हणजे टेक्नेशियम, ३६४ वर आयोडीन-१३१, ५११ वर पॉझिट्रॉनवालं काहीतरी, २०८ वर ल्युटेशियम-१७७. स्पेक्ट्रम नसेल तर तोच वाइप झाकून ठेवा आणि सहा तासांनी पुन्हा मोजा. निम्मे झाले तर टेक्नेशियम. जवळपास तेवढेच राहिले तर आयोडीन किंवा ल्युटेशियम, आणि मग ते थेरपी वॉर्डातून हॉट लॅबच्या कडीपर्यंत कुणाच्या हाताने आलं याचा माग काढायला हवा.

माझा अंदाज विचाराल तर कडी आणि कीबोर्ड ही जोडीच उत्तर सांगते. कुणीतरी इंजेक्शन भरून ग्लोव्ह्ज न काढता दार उघडतंय आणि तसंच डोसची नोंद टाइप करतंय. कीबोर्ड रोज पुसून हे थांबणार नाही. ग्लोव्ह्जचा डबा आणि कचऱ्याचा पायडबा एल-बेंचच्या, म्हणजे शिशाच्या आडोशाच्या टेबलाच्या, हाताशी आणा, म्हणजे दारापर्यंत जाण्याआधी ते काढले जातील. नोंद करायला दुसरा माणूस असेल तर उत्तमच. आणखी पाहायच्या जागा, ज्या यादीत सहसा नसतात: डोस कॅलिब्रेटरचा (डोस मोजायच्या यंत्राचा) डिपर आणि त्याची बटणं, सिरिंज शील्डची आतली बाजू, शिशाच्या भांड्याचं झाकण, फ्रिजचं हँडल, इंजेक्शनच्या खुर्चीचा हात, स्ट्रेस लॅबमधल्या ट्रेडमिलची दांडी, ट्रॉलीची चाकं, पेन, आणि मोबाइल. मोबाइल हॉट लॅबच्या बाहेर. यात सवलत नको.

हाताचा विषय निघाला आहे तर इथे थोडा थांबतो, कारण तरुण तंत्रज्ञांना याचं गांभीर्य कुणी आकड्यांत सांगत नाही. फ्लोरिन-१८ चा कातडीवरचा डोस पॉझिट्रॉनमुळे येतो. दर चौरस सेंटिमीटरला १ किलोबेक्वेरेल असेल तर तिथल्या त्वचेला तासाला साधारण २ मिलिसिव्हर्ट. म्हणजे १ मेगाबेक्वेरेलला तासाला सुमारे २ सिव्हर्ट. त्वचेसाठीची वार्षिक मर्यादा ५०० मिलिसिव्हर्ट, तीही एकाच चौरस सेंटिमीटरवर मोजायची. ती पंधरा मिनिटांत ओलांडली जाते. आणि १ मेगाबेक्वेरेल म्हणजे किती? एक मिलिलिटरमध्ये ३७० मेगाबेक्वेरेल, म्हणजे १० मिलिक्युरी एफडीजी (फ्लोरिन-१८ असलेलं पेट स्कॅनचं औषध) असेल, तर तीन मायक्रोलिटरहूनही कमी. सुईच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबाचा लहानसा अंश. छातीवरच्या टीएलडी बॅजला, म्हणजे डोस नोंदवणाऱ्या बिल्ल्याला यातलं काही कळत नाही. बोटातली टीएलडी अंगठीसुद्धा थेंब दुसऱ्या बोटावर असेल तर गप्प राहते. म्हणून दोन ग्लोव्ह्ज, दर इंजेक्शननंतर वरचा बदलायचा, आणि तो काढल्याबरोबर हात प्रोबखाली. पंधरा मिनिटांच्या हिशेबात ‘दिवसअखेर हात तपासू’ याला जागा नाही.

हातावर सापडलंच तर नळ. कोमट पाणी आणि साधा साबण, दोन-तीन मिनिटं हळुवार चोळून धुवा, टिपून कोरडं करा, मोजा, पुन्हा धुवा. पाणी कडक नको, ब्रश तर मुळीच नको. खरचटलेल्या कातडीतून ॲक्टिव्हिटी आत शिरते. दोन धुण्यांमध्ये काउंट उतरायचे थांबले किंवा कातडी लाल झाली की आपणही थांबायचं. उरलेल्यावर सुती हातमोजा आणि वर नायट्राइलचा ग्लोव्ह घातला तर घामाने पुष्कळसं सुटून येतं. डोळ्यात गेलं तर सलाइनने नाकाच्या बाजूकडून बाहेर. जखमेत गेलं तर वाहत्या पाण्याखाली धरा आणि डॉक्टरांना बोलवा. किती वाजता लागलं, किती जागेवर, पहिले काउंट किती, हे त्याच क्षणी लिहा. त्वचेच्या डोसचा हिशेब नंतर त्यावरूनच होतो.

आता उलटी.

आयोडीन-१३१ चं वजन ध्यानात घ्या. १०० मिलिक्युरी, म्हणजे ३.७ गिगाबेक्वेरेल शुद्ध आयोडीन-१३१ भरतं सुमारे ०.८ मायक्रोग्रॅम. डाग नाही, वास नाही, आणि इतकं अल्प द्रव्य स्टीलला, टाइल्सच्या सांध्याला, व्हायनिलला लगेच बिलगतं. औषध घेतल्यावर पहिल्या तासात उलटी झाली तर त्यात दिलेल्या डोसचा मोठा वाटा असू शकतो. अगदी एक टक्का धरला तरी ३७ मेगाबेक्वेरेल, म्हणजे १ मिलिक्युरी. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या मार्गदर्शिकेत आयोडीन-१३१ साठी ‘मोठ्या’ स्पिलची (सांडण्याची) सुरुवात याच १ मिलिक्युरीवर होते, आणि टेक्नेशियम-९९एमसाठी ती १०० मिलिक्युरीवर आहे. शंभरपटीचा हा फरक ध्यानात असला की कोणत्या स्पिलला धावायचं आणि कोणत्या स्पिलला झाकून ठेवायचं हे आपोआप सुचतं.

मावशींनी जे केलं ते त्यांना शिकवलेलंच केलं. रक्त, उलटी, लघवी सांडली की हायपोक्लोराइट ओता, थांबा, पुसा, हे संसर्ग नियंत्रणाचं प्रशिक्षण प्रत्येक रुग्णालयात दिलं जातं आणि इतर वॉर्डांसाठी ते बरोबर आहे. आयोडीनच्या खोलीत मात्र हायपोक्लोराइट हे ऑक्सिडीकारक आहे. आयोडाइडचं त्यातून मूलद्रव्य आयोडीन होऊ शकतं, आणि ते हवेत उडतं. आम्ल ओतलं तरी तोच धोका. फरशीवर होतं ते श्वासात येतं आणि श्वासातून थायरॉइडमध्ये. म्हणून दोष द्यायचा तर तो वॉर्डाच्या दारावर सूचना नसण्याला द्या. दोन विभागांनी दोन वेगळ्या गोष्टी शिकवायच्या आणि मधल्या माणसाने निवड करायची, हा अन्याय आहे. संसर्ग नियंत्रण समितीबरोबर बसा आणि लेखी ठरवा: या दारापलीकडे हायपोक्लोराइट जाणार नाही, आधी न्यूक्लिअर मेडिसिनचा माणूस ॲक्टिव्हिटी उचलेल, जागा साध्या पाण्याने पुसली जाईल, मग समितीने ठरवलेलं जंतुनाशक. सूचना मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लिहा. मावशी-मामांना वर्षातून दोनदा रंगीत पाणी सांडून सराव द्या. खुणेच्या रंगाचा बुटाबरोबर होणारा प्रवास एकदा पाहिला की दुसरं काही समजावावं लागत नाही.

करायला काय हवं होतं? आधी रुग्ण. त्याला बसवा, त्याचा श्वास, त्याची शुद्ध पाहा. किरणोत्सारापायी कुणी रुग्णाला हात लावायला कचरता कामा नये. मग त्या जागेवर प्लास्टिकच्या पाठीचा शोषक कागद, शोषक बाजू खाली. कुणीही खोलीबाहेर जाणार नाही, जावंच लागलं तर बूट दारातच उतरतील. आरएसओंना फोन. कुणाच्या अंगावर उडालं का हे पहिलं मोजायचं, फरशी नंतर. आत येणाऱ्याने दोन ग्लोव्ह्ज, गाउन, शू-कव्हर आणि सक्रिय कोळशाचा मास्क घालूनच यायचं. डोस-रेट मीटरने दुरून अंदाज घ्या, मग प्रोबने डागाची हद्द शोधा आणि मार्करने जमिनीवर रेघ मारा. रेघेशिवाय सफाई सुरू करू नका, नाहीतर स्वच्छ जागाही पुसली जाते आणि दूषित होते.

पुसायचं सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाने. ते क्षपणकारक असल्याने आयोडीनला आयोडाइड रूपात धरून ठेवतं, उडू देत नाही. त्यात थोडं पोटॅशियम आयोडाइड घातलं तर साध्या आयोडीनचे असंख्य अणू पृष्ठभागावरच्या जागांसाठी स्पर्धा करतात आणि किरणोत्सारी अणू सुटायला मदत होते. कडेकडून मध्याकडे, एका दिशेने, एक कागद एकदाच. घासायचं नाही, मागे-पुढे करायचं नाही. दर दोन-तीन पुसण्यांनंतर ग्लोव्ह बदला आणि मोजा. सगळा कागद दुहेरी पिशवीत. मॉप आणि बादली ही आयोडीनच्या खोलीत असूच नयेत: बादलीतलं पाणी दुसऱ्या पुसण्यापासूनच दूषित, आणि मग तो मॉप डाग उचलत नाही, वाटत फिरतो.

तुमच्याकडे आता ही वेळ टळून गेली आहे. तर खोली बंद ठेवा, वातानुकूलनाची हवा इतरत्र फिरत असेल तर ती बंद करायला सांगा, एक्झॉस्ट चालू राहू द्या. मावशींना पुढे बोलवा, रागावण्यासाठी नव्हे. त्यांचे हात, चपला, साडीचा काठ, आणि मॉप ठेवायची मोरी मोजा. तो मॉप त्या दिवशी आणखी कुठे फिरला हे विचारा. त्या खरं सांगतील याची एकच अट, की त्यांना नोकरीची भीती वाटता कामा नये. नंतर थायरॉइड अपटेक प्रोबने त्यांच्या गळ्यावर काउंट घ्या आणि तुलनेसाठी मांडीवरही, कारण अंगाचं बॅकग्राउंड वजा केल्याशिवाय गळ्याच्या आकड्याला अर्थ नाही. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही तरी चोवीस तासांनी पुन्हा मोजा. पोटॅशियम आयोडाइडची गोळी द्यायची का हे न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर ठरवतील, पण वेळ त्यांच्यासाठी थांबत नाही: प्रौढांची मात्रा १३० मिलिग्रॅम, संपर्काआधी किंवा पहिल्या दोन तासांत दिली तर सर्वांत उपयोगी, आठ तासांपर्यंत बऱ्यापैकी, आणि चोवीस तास उलटून गेल्यावर दिली तर आधीच थायरॉइडमध्ये गेलेलं आयोडीन आणखी काळ अडकून राहू शकतं. म्हणून त्या गोळ्या वॉर्डाच्या कपाटात हव्यात, फार्मसीच्या मागणीपत्रकात नव्हे. मावशींपैकी कुणी गर्भवती असेल किंवा बाळाला पाजत असेल तर हे पहिल्या मिनिटाला विचारायचं.

मध्येच एक गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत तरी. कंटॅमिनेशनमुळे सर्वांत जास्त नुकसान कधी कधी रुग्णाच्या रिपोर्टचं होतं. बोन स्कॅनमध्ये लघवीचा एक थेंब अंतर्वस्त्रावर पडला तर जांघेजवळ असा ठिपका दिसतो की तो प्यूबिक हाडात गेलेला कॅन्सर वाटावा. प्रोस्टेटच्या रुग्णात हा फरक उपचाराची दिशा बदलतो. शंका येताच कपडे बदलायला लावा, जागा धुवा आणि पुन्हा फोटो घ्या. तिरका किंवा बाजूचा व्ह्यू घेतला तर ठिपका हाडात आहे की कातडीवर हे लगेच कळतं. आणि ठिपका एकामागून एक रुग्णांत डिटेक्टरच्या त्याच कोपऱ्यात येत असेल, तर रुग्णाला टेबलावरून उतरवून रिकामा फोटो घ्या. तरीही दिसला तर कॉलिमेटर (डिटेक्टरपुढची शिशाची जाळी) काढून पुन्हा. कॉलिमेटरबरोबर गेला तर थेंब कॉलिमेटरवर. म्हणून कॅमेऱ्यावर पातळ प्लास्टिकचं आवरण हवं. ते बदलणं दोन मिनिटांचं काम, कॉलिमेटर धुणं अर्ध्या दिवसाचं.

आता उरलेल्याचं. किती साफ करायचं हे अर्धायुष्यावर ठरतं. टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मं होतं. शुक्रवारी संध्याकाळी सांडलेल्यावर प्लास्टिक पसरून टेपने कडा बंद केल्या तर सोमवारी सकाळपर्यंत साठ तास, म्हणजे दहा अर्धायुष्यं होतात आणि हजारावा भाग उरतो. फ्लोरिन-१८ ला याच दहा अर्धायुष्यांसाठी अठरा-साडेअठरा तास पुरतात. इथे तासन्‌तास वाकून घासणारा माणूस फुकटचा डोस घेतो. सुटं तेवढं उचला, झाका, दोरी बांधा, घरी जा. आयोडीन-१३१ चे आठ दिवस आणि ल्युटेशियम-१७७ चे साडेसहा-पावणेसात दिवस मात्र थांबून निभावत नाहीत. दहा अर्धायुष्यं म्हणजे ऐंशी आणि पासष्ट-सदुसष्ट दिवस. खोली इतके दिवस बंद ठेवणं कुणाला परवडतं? तिथे मेहनत घ्यावीच लागते. ल्युटेशियम हा धातू आहे, त्याला थायोसल्फेटचा उपयोग नाही. सायट्रिक आम्लाचं किंवा ईडीटीएचं सौम्य द्रावण त्याला पकडून ठेवतं. म्हणजे आयोडीनवर जे आम्ल टाळायचं तेच ल्युटेशियमवर चालतं. दोन्ही थेरपी एकाच वॉर्डात होत असतील तर दोन वेगळ्या रंगांच्या बाटल्या आणि दोन वेगळी किट ठेवा, आणि न्यूक्लाइड ओळखल्याशिवाय कुठलीच उघडू नका.

सलग दोन-तीन फेऱ्यांत काउंट कमी व्हायचे थांबले, वाइप स्वच्छ येतोय आणि प्रोब बोलतोय, तर जे आहे ते चिकटलेलं आहे. त्यावर जाड प्लास्टिक, गरज असल्यास शिशाचा पत्रा, वर तारीख, न्यूक्लाइड, त्या दिवशीचे काउंट आणि कोणत्या तारखेला पातळीखाली येईल तो हिशेब. हे लिहिलेलं असलं की पुढच्या पाळीतला माणूस पुन्हा घासायला बसत नाही. टाइल्सच्या सांध्यात आयोडीन वारंवार मुरत असेल तर दुरुस्ती सफाईत नाही, फरशीत आहे: सांधे जोडलेली व्हायनिलची एकसंध चादर, भिंतीवर थोडी चढवलेली, कोपरे गोल. नवा विभाग आहे, म्हणून हे आताच मागा.

कचऱ्याच्या पिशव्या न्यूक्लाइडनुसार वेगळ्या ठेवा. मिसळल्या की सगळी पिशवी सर्वांत लांब अर्धायुष्याने वागते. ल्युटेशियमबाबत आपल्याकडे एक खास काळजी घ्यावी लागते. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत ते ल्युटेशियम-१७६ वर न्यूट्रॉन पाडून थेट बनवलं जातं, आणि या मार्गाने ल्युटेशियम-१७७एमचा अगदी बारीक अंश सोबत येतो. त्याचं अर्धायुष्य १६० दिवस. म्हणून ‘दहा अर्धायुष्यं झाली’ एवढ्या हिशेबावर ल्युटेशियमची पिशवी सोडू नका. गॅलियम-६८ च्या जनरेटरच्या (जर्मेनियम-६८ पासून गॅलियम मिळवून देणाऱ्या साधनाच्या) कचऱ्याचंही तसंच, त्यात जर्मेनियम-६८ चा अंश असू शकतो आणि त्याला निम्मं व्हायला २७१ दिवस लागतात. पिशवी कमी बॅकग्राउंडच्या खोलीत न्या, शिशाच्या आडोशाबाहेर काढा, प्रोब चारही बाजूंनी लावून मोजा. बॅकग्राउंडइतकी आली तरच आरएसओंच्या सहीने बाहेर, आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत जाण्याआधी तिच्यावरचं त्रिपर्णी किरणोत्सार-चिन्ह काढून किंवा काळं करून टाका.